लिनक्समधली नको असलेली पॅकेजेस शोधायची कशी आणि काढायची कशी?



१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा मोफत आधार संपला. शाळांमधले बरेच जुने संगणक विंडोज ११ च्या अटीत बसत नाहीत. त्यामुळे गेल्या काही महिन्यांत आपल्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या अनेक शिक्षकांच्या तोंडी लिनक्स मिंट, उबुंटू ही नावं यायला लागली आहेत. कुणी भाच्याकडून टाकून घेतलं, कुणी गावातल्या इंजिनिअरिंगच्या मुलाकडून. संगणक सुरू झाला, मुलं खूश झाली. आणि मग प्रश्न सुरू झाले. "मॅडम, यात पत्त्यांचा खेळ आहे, तो काढायचा कसा?" "हार्डडिस्क भरली म्हणतंय, काय काढू?" "काढलं आणि संगणकच बंद पडला तर?"

शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे. शाळेत संगणक चार असतात, दुरुस्त करणारा तालुक्याला असतो, आणि शिष्यवृत्तीचा सराव उद्या असतो. म्हणून बहुतेक शाळांत एकच नियम चालतो: हात लावू नका. पण हात न लावता संगणक चालवायचा म्हणजे तो कपाटात ठेवण्यासारखंच आहे. म्हणून आज आपण पॅकेज शोधणं आणि काढणं पायरीपायरीने समजून घेऊ. हे जमलं की तुमच्या शाळेचा संगणक खऱ्या अर्थाने तुमचा होईल.

पॅकेज म्हणजे काय?

आपल्या शाळेत जडवस्तू संग्रह नोंदवही असते. बाक, खुर्ची, फळा, घंटा, प्रत्येक वस्तूची त्यात नोंद. वस्तू कधी आली, कुठून आली, कुठे ठेवली. आणि वस्तू मोडली की ती उचलून मागच्या अंगणात टाकता येत नाही. तिचं रीतसर निर्लेखन करावं लागतं, नोंदवहीत शेरा पडतो, मगच ती जाते.

लिनक्समध्ये नेमकं हेच असतं. एखादा प्रोग्रॅम म्हणजे एक फाईल नसते. त्याची मुख्य फाईल एकीकडे, चित्रं दुसरीकडे, मदतीची पानं तिसरीकडे, सेटिंग चौथीकडे. या सगळ्याचा मिळून एक गठ्ठा बांधलेला असतो, त्याला पॅकेज म्हणतात. आणि कुठल्या पॅकेजच्या कुठल्या फायली कुठे ठेवल्या याची एक नोंदवही संगणक स्वतः ठेवतो. डेबियन, उबुंटू, लिनक्स मिंट या कुटुंबात ही नोंदवही सांभाळणाऱ्याचं नाव आहे डीपीकेजी. आणि त्याच्या वर बसून इंटरनेटवरच्या भांडारातून पॅकेज आणणारा, काय काढलं तर काय जाईल याचा हिशोब करणारा कारभारी म्हणजे एपीटी, त्याला बोलताना सगळे ॲप्ट म्हणतात.

डेबियन हा प्रकल्प इयान मर्डॉक यांनी ऑगस्ट १९९३ मध्ये सुरू केला. आज त्याच्या भांडारात साठ हजारांहून जास्त पॅकेजेस आहेत. आपल्या सी-डॅकने बनवलेली बॉस ही भारतीय लिनक्स प्रणाली याच डेबियनवर उभी आहे. सी-डॅकचं मुख्यालय पुण्यात आहे, आणि बॉसची एक शैक्षणिक आवृत्ती एज्युबॉस या नावाने शाळांसाठीही निघाली. म्हणजे आज जे शिकाल ते मिंट, उबुंटू, बॉस, तिन्हीकडे चालेल.

मग सरळ फाईल डिलीट केली तर? तर ते बाक अंगणात फेकल्यासारखं झालं. वस्तू गेली, नोंद राहिली. संगणकाला वाटतं पॅकेज अजून आहे. पुढच्या वेळी अपडेट करताना तो अडखळतो. म्हणून पहिला नियम लिहून ठेवा: पॅकेज ज्या वाटेने आलं त्याच वाटेने बाहेर काढायचं.

आज्ञा कशा वाचायच्या?

खाली मी आज्ञा देवनागरीत, बोलतो तशा लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये टाईप करताना त्या इंग्रजी लहान लिपीत लिहायच्या. डीपीकेजी ही चार अक्षरं सलग. एपीटी ही तीन अक्षरं सलग. सुडो म्हणजे एस-यू-डी-ओ, याचा अर्थ "हे काम मुख्याध्यापकांच्या अधिकारात कर". सुडो लावलं की पासवर्ड मागतो. पासवर्ड टाईप करताना काही ठिकाणी पडद्यावर ठिपकेही दिसत नाहीत. कीबोर्ड बिघडलेला नसतो, दिसत नसलं तरी टाईप होतं.

ज्यांना टर्मिनलची धास्ती वाटते त्यांच्यासाठी सिनॅप्टिक नावाचा खिडकीवाला प्रोग्रॅम आहे. त्यात शोधायचं, खूण करायची, लागू करायचं, एवढंच. मिंटमध्ये तर मेनूतल्या प्रोग्रॅमवर उजवी क्लिक केली तरी अनइन्स्टॉल दिसतं. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने लिनक्सचे धडे मराठी आवाजातही दिले आहेत, ते जरूर पाहा. पण आत काय घडतं ते कळावं म्हणून आपण टर्मिनलची वाट धरू. खिडकीत बटण असो की टर्मिनलमध्ये आज्ञा, खाली काम करणारा कारभारी तोच आहे.

पायरी १: काय काय आहे ते बघा

टाईप करा: डीपीकेजी, मग जागा सोडून वजाचं चिन्ह आणि लगेच लहान एल. भली मोठी यादी येते. खाली-वर जायला बाणाची बटणं, बाहेर पडायला क्यू.

यादीत प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला दोन अक्षरं दिसतात. तिथं "आय आय" असेल तर पॅकेज नीट बसलेलं आहे. "आर सी" असेल तर पॅकेज काढलंय पण त्याच्या सेटिंगच्या फायली मागे उरल्या आहेत. या "आर सी"कडे आपण पुढे परत येणार आहोत.

दुसरी आज्ञा: एपीटी लिस्ट, मग जोडून दोन वजाची चिन्हं आणि इन्स्टॉल्ड. यात काही पॅकेजेसपुढे नुसतं इन्स्टॉल्ड लिहिलेलं दिसेल, काहींपुढे स्वल्पविराम देऊन ऑटोमॅटिक. ऑटोमॅटिक म्हणजे ते कुणी मुद्दाम मागवलं नव्हतं, दुसऱ्या कुणाच्या तरी गरजेसाठी आपोआप आलं.

यादी पाहून घाबरू नका. नव्या संगणकातही दीड-दोन हजार पॅकेजेस सहज असतात. त्यातली बहुतेक आपल्या ओळखीची नसतात, आणि ओळखीची नाहीत म्हणून ती निरुपयोगी ठरत नाहीत. शाळेच्या भिंतीतली वायर आपल्याला दिसत नाही, म्हणून ती काढून टाकत नाही आपण.

पायरी २: खरं नाव शोधा

इथं बरेच जण अडकतात. मेनूत दिसणारं नाव आणि पॅकेजचं नाव एकच असेल असं नाही. हजेरीपटावर नाव वेगळं आणि घरी हाक मारायचं नाव वेगळं, तसंच हे. मेनूत पत्त्यांचा खेळ "सॉलिटेअर" नावाने दिसतो, पण त्याच्या पॅकेजचं नाव आहे एसलरियट. स्पेलिंग ए-आय-एस-एल-ई-आर-आय-ओ-टी. कुणाला सुचेल हे?

तीन मार्ग आहेत.

एक, शब्दावरून शोध. एपीटी सर्च आणि पुढे शब्द. हा शोध नावात आणि वर्णनातही घेतो. फक्त लक्षात ठेवा, यात भांडारातली न बसवलेली पॅकेजेसही येतात. आपल्याकडे बसवलेली आहेत त्यांच्यापुढे इन्स्टॉल्ड लिहिलेलं असतं.

दोन, यादीत गाळणी लावणं. डीपीकेजी वजा एल, मग उभी रेघ, मग ग्रेप, म्हणजे जी-आर-ई-पी, आणि शेवटी शब्द. उभी रेघ म्हणजे चहाच्या गाळणीसारखी. अख्खी यादी तिच्यातून जाते आणि तो शब्द असलेल्या ओळीच उरतात. देवनागरीचे फॉन्ट कुठले आहेत बघायचं असेल तर शेवटी फॉन्ट्स लिहून बघा.

तीन, फाईलवरून मालक शोधणं. ही मला सगळ्यात आवडणारी आज्ञा आहे. डीपीकेजी, वजाचं चिन्ह, मोठं एस, आणि पुढे फाईलचा पूर्ण पत्ता. सॉलिटेअरची मुख्य फाईल /यूएसआर/गेम्स/सोल या पत्त्यावर असते. तो पत्ता दिला की उत्तर येतं: एसलरियट. वर्गात वॉटरबॅग सापडली आणि "कुणाची रे ही?" विचारलं तसं. उलट, एका पॅकेजच्या मालकीच्या सगळ्या फायली बघायच्या असतील तर मोठ्या एसच्या जागी मोठं एल आणि पुढे पॅकेजचं नाव.

पायरी ३: ते काय आहे ते वाचा

नाव सापडलं म्हणून लगेच काढायचं नाही. एपीटी शो आणि पॅकेजचं नाव लिहा. त्यात वर्णन येतं, ते किती जागा खातं ते येतं, आणि ते कुणाकुणावर अवलंबून आहे ती यादी येते.

या पायरीवर मला थोडं थांबून बोलायचंय. अडचण नुसती तांत्रिक असती तर गोष्ट सोपी होती.

जीकॉम्प्रिस नावाचं एक पॅकेज आहे. नाव ऐकून काही कळत नाही, आणि उघडलं की रंगीत चित्रं, बदक, मासे, गाणी. पालक सभेला आलेले एखादे बाबा म्हणतात, "मुलं शाळेत गेम खेळतात." आणि पुढच्या दिवशी ते पॅकेज जातं. पण त्यात माऊस धरण्यापासून घड्याळ वाचण्यापर्यंत, मोजण्यापासून अक्षर ओळखण्यापर्यंत शंभराहून जास्त कृती आहेत. पहिलीच्या लेकरासाठी ते पाठ्यपुस्तकाचं भावंडच आहे. टक्सपेंट हे चित्रकलेचं पॅकेजही असंच बळी जातं. पालकांनाही माझी विनंती आहे, मूल काय करतंय ते एकदा शेजारी बसून पाहा, मग मत बनवा.

दुसरं उदाहरण याहून गंभीर. ऑर्का नावाचं पॅकेज बहुतेक लिनक्समध्ये आधीपासून असतं. दिसायला काहीच नाही, कुणी वापरताना दिसत नाही. "कशाला हवंय" म्हणून काढलं जातं. ऑर्का हा पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्रॅम आहे. दृष्टिबाधित मुलाला त्याच्याशिवाय संगणक म्हणजे नुसता खोका. त्याचा आवाज बहुतेक वेळा ईस्पीक-एनजी या पॅकेजमधून येतो, आणि त्यात मराठीही आहे. यंदा तुमच्या वर्गात असं मूल नसेल. जूनमध्ये प्रवेशाला येईल. समावेशित शिक्षण आपण फलकावर लिहितो, ते संगणकात अशा न दिसणाऱ्या पॅकेजमध्ये असतं.

आणि तिसरं, आपल्या लिपीचं. फॉन्ट्स-लोहित-देवा अशा नावाचं पॅकेज दिसलं तर त्याला हात लावू नका. लोहित हे रेड हॅट कंपनीने खुले केलेले भारतीय लिप्यांचे फॉन्ट आहेत. देवनागरीचा दुसरा फॉन्ट संगणकात नसेल आणि हा काढला, तर मराठी अक्षरांच्या जागी नुसते चौकोन दिसतील. मराठी टाईप करायला वापरतो ते आयबस-एम१७एन हेही तसंच जपून ठेवण्यातलं.

म्हणून शाळेत काढायच्या पॅकेजची यादी एकट्याने करू नका. कागदावर लिहा, सहकाऱ्यांना दाखवा, मोठ्या वर्गातल्या मुलांनाही विचारा. मुलांना आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं काय वापरात आहे ते.

पायरी ४: काढण्याआधी रंगीत तालीम

पॅकेजेस एकमेकांवर अवलंबून असतात. शाळेतली खिचडीच घ्या. खिचडीला तांदूळ लागतो, डाळ लागते, तेल लागतं. तुम्ही "खिचडी" काढली तर तांदूळ राहील. पण "तांदूळ" काढायला गेलात तर खिचडी आपोआप जाईल, कारण तांदळाशिवाय खिचडी कशी होणार? आणि त्या तांदळावर पुलाव, इडली, खीर अवलंबून असेल तर तेही जाईल. कारभाऱ्याचं यात काही चुकत नाही. तो फक्त हिशोब जुळवतो.

याचं सगळ्यात ठळक उदाहरण म्हणजे पायथॉन. कोडिंगचा तास संपला, आता पायथॉन नको, काढून टाकू, असं वाटू शकतं. पण उबुंटू आणि मिंटमधली कितीतरी साधनं स्वतःच पायथॉन-३ मध्ये लिहिलेली आहेत. ते काढायला गेलात तर डेस्कटॉपचे मोठे भाग सोबत जातात आणि उद्या सकाळी मुलांसमोर काळा पडदा येतो.

म्हणून आधी रंगीत तालीम. एपीटी, वजाचं चिन्ह आणि लहान एस, मग रिमूव्ह, मग पॅकेजचं नाव. इथं सुडो लागत नाही, कारण प्रत्यक्षात काहीच होत नाही. काढलं तर काय काय जाईल तेवढं संगणक सांगतो. ती यादी वाचा. एक-दोन नावं असतील आणि ती त्याच प्रोग्रॅमची वाटत असतील तर ठीक. यादी लांबलचक असेल, किंवा तिच्यात डेस्कटॉप, सिनॅमन, नोम, मिंट-मेटा, पायथॉन-३ असे शब्द दिसले तर थांबा. तो बेत सोडून द्या.

यादी न वाचता पुढं गेलं की काय होतं ते जगाने पाहिलंय. २०२१ मध्ये कॅनडातले प्रसिद्ध यूट्यूबर लायनस सेबॅस्टियन पॉप ओएस या लिनक्सवर स्टीम नावाचा खेळांचा प्रोग्रॅम बसवत होते. बसवत होते हं, काढत नव्हते! भांडारातल्या एका गडबडीमुळे, तो बसवण्यासाठी अख्खा डेस्कटॉप काढावा लागेल असा हिशोब निघाला. टर्मिनलने इशारा दिला, काय काय जाणार ते दाखवलं, खात्रीसाठी एक आख्खं वाक्य टाईप करायला लावलं. त्यांनी ते टाईप केलं आणि डेस्कटॉप गेला. ज्या माणसाचा व्यवसायच संगणक आहे त्याच्या बाबतीत हे घडलं. इशारा होता, फक्त तो वाचण्याइतका वेळ दिला गेला नाही. आपण मुलांना "प्रश्न पूर्ण वाच, मग उत्तर लिही" म्हणतो, तेच इथं.

तालमीच्या आधी अजून एक काम. मिंटमध्ये टाईमशिफ्ट नावाचा प्रोग्रॅम आधीच असतो. त्यात प्रणालीचा एक स्नॅपशॉट घेऊन ठेवा. बिघडलं तर त्या दिवसापर्यंत मागे जाता येतं. मुलांची चित्रं, तुमच्या वर्ड फायली मात्र त्यात सहसा येत नाहीत. त्या पेनड्राईव्हवर वेगळ्या घ्या.

पायरी ५: आता काढा

आज्ञा: सुडो एपीटी रिमूव्ह एसलरियट. संगणक परत यादी दाखवतो, किती जागा मोकळी होईल ते सांगतो आणि वाय की एन विचारतो. तालमीतली यादी आणि ही यादी सारखीच आहे ना बघा, मग वाय आणि एंटर.

रिमूव्ह आणि पर्ज यातला फरक आता समजून घेऊ. शिक्षकाची बदली होते. शिक्षक गेले, पण त्यांच्या कपाटात टाचण वही, जुने तक्ते तसेच राहिले. हे झालं रिमूव्ह. प्रोग्रॅम जातो, पण प्रणालीतल्या सेटिंगच्या फायली राहतात. ते परत आले तर कपाट तयार! कपाटही रिकामं करायचं असेल तर रिमूव्हच्या जागी पर्ज लिहायचं, स्पेलिंग पी-यू-आर-जी-ई. पहिल्या पायरीत आपण "आर सी" पाहिलं होतं ते हेच, रिकामं न केलेलं कपाट. त्याच पॅकेजचं नाव देऊन नंतर पर्ज केलं तरी चालतं.

पण पर्ज केलं तरी प्रत्येकाच्या होम फोल्डरमधल्या स्वतःच्या गोष्टी राहतात. मुलांनी काढलेली चित्रं त्याने पुसली जात नाहीत. ही चांगलीच गोष्ट आहे.

मग ऑटोरिमूव्ह. स्नेहसंमेलनासाठी मंडप आला, मंडपासोबत खुर्च्या आल्या, जनरेटर आला. मंडप गेला पण खुर्च्या मैदानात पडून. कुणी मुद्दाम मागवल्या नव्हत्या, मंडपासाठी आल्या होत्या, आता कुणालाच नकोत. सुडो एपीटी ऑटोरिमूव्ह ही आज्ञा अशा खुर्च्या परत पाठवते. ऑटोमॅटिक शेरा असलेली आणि आता कुणाच्याच गरजेची नसलेली पॅकेजेस ती काढते. इथंही यादी वाचूनच वाय म्हणायचं.

जागाच हवी असेल तर आणखी एक सोपी, निर्धोक आज्ञा आहे: सुडो एपीटी क्लीन. पॅकेज बसवताना उतरवून घेतलेले गठ्ठे संगणक जपून ठेवतो, ते ही आज्ञा फेकते. बसवलेल्या प्रोग्रॅमना धक्का लागत नाही. सामान काढून झाल्यावर राहिलेली रिकामी खोकी रद्दीत घालावीत तसं. किती जागा उरली ते बघायला डीएफ, जागा सोडून वजाचं चिन्ह आणि एच. जागेसाठी पॅकेज काढण्याआधी हे करून बघा. कित्येकदा एवढ्यानेच भागतं.

एपीटीच्या नोंदवहीत नसलेली मंडळी

कधीकधी प्रोग्रॅम मेनूत दिसतो, पण डीपीकेजीच्या यादीत सापडत नाही. तो दुसऱ्या वाटेने आलेला असतो.

उबुंटूमध्ये स्नॅप नावाची वेगळी व्यवस्था आहे. २०२२ च्या एप्रिलमधल्या २२.०४ आवृत्तीत फायरफॉक्स याच वाटेने येतो. त्यामुळे एपीटीने फायरफॉक्स काढलं तरी तो जागेवरच दिसतो, आणि माणूस चक्रावतो. त्यासाठी स्नॅप लिस्ट आणि सुडो स्नॅप रिमूव्ह. अर्थात दीक्षासाठी ब्राउझर लागतोच, तेव्हा दुसरा असल्याशिवाय काढू नका. मिंटमध्ये स्नॅप सुरुवातीला बंद असतं, तिथं फ्लॅटपॅक असतं: फ्लॅटपॅक लिस्ट आणि फ्लॅटपॅक अनइन्स्टॉल. ॲपइमेज म्हणजे एकच सुटी फाईल, तिची कुठेच नोंद नसते. ती मात्र सरळ डिलीट करायची. आपला नियम इथंही तोच: ज्या वाटेने आलं त्या वाटेने बाहेर.

फेडोरा वगैरे दुसऱ्या कुटुंबातल्या लिनक्समध्ये एपीटी नसतो, तिथं डीएनएफ हा कारभारी आहे. रायगड जिल्ह्यातल्या खैराट गावच्या शाळेत २००७ मध्ये मुलांना दिलेले एक्सओ लॅपटॉप या फेडोरा घराण्यातले. त्यांची साठवण फक्त १ जीबी होती! एवढ्याशा जागेत काय ठेवायचं आणि काय नाही हा विचार तिथं चैनीचा नव्हता. आज आपल्याकडे जागा जास्त आहे, पण प्रश्न तोच आहे.

मध्येच लाइट गेली तर?

आपल्याकडे हा प्रश्न टाळून चालत नाही. पॅकेज काढताना लाइट गेली तर नोंदवही अर्धवट लिहिलेली राहते. संगणक सुरू केल्यावर एपीटी कुरकुर करतो. घाबरू नका. सुडो डीपीकेजी, मग जोडून दोन वजाची चिन्हं आणि कॉन्फिगर, मग जागा सोडून एक वजाचं चिन्ह आणि ए. अर्धवट राहिलेलं काम तो पुढे नेऊन पूर्ण करतो. तरीही शक्यतो सकाळच्या वेळी, यूपीएस असेल तर त्यावर, आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी तर अजिबात नाही.

काल कुणी काय काढलं?

शाळेची आवक-जावक नोंदवही असते तशी एपीटीचीही असते. /व्हार/लॉग/एपीटी या फोल्डरमध्ये हिस्टरी.लॉग नावाची फाईल आहे. स्पेलिंगला व्ही-ए-आर. कुठल्या तारखेला, किती वाजता, कुठली आज्ञा देऊन काय बसवलं आणि काय काढलं, सगळं त्यात असतं. चुकीचं काही गेलं असेल तर तिथून नावं उतरवून घ्या आणि सुडो एपीटी इन्स्टॉल करून परत आणा. भांडार कुठे जात नाही. दोष कुणाचा हे शोधायला मात्र ती फाईल वापरू नका. ज्या शाळेत चुकल्यावर बोलणी बसतात, तिथं पुढच्या वेळी कुणीच संगणकाला हात लावत नाही.

आणि हे टाळण्याचा साधा उपाय: मुलांसाठी "विद्यार्थी" नावाचं वेगळं, साधं खातं करा. त्याला सुडोचा अधिकार नको. मग मुलांनी कितीही बटणं दाबली तरी एपीटीची पॅकेजेस जागची हलत नाहीत. अधिकाराच्या खात्याचा पासवर्ड किमान दोन शिक्षकांना माहीत असू द्या. एकाची बदली झाली की संगणक पोरका होतो, हे आपण पाहतोच.

वर्गात काय करता येईल?

पाचवी-सहावीच्या मुलांना हा विषय आज्ञांशिवायही शिकवता येतो. कार्डांवर खिचडी, तांदूळ, डाळ, पुलाव, इडली, उडीद अशी नावं लिहा. मुलांनी दोऱ्याने जोडायचं, कुणाला कोण लागतं. मग एक कार्ड काढायचं आणि कुठली कुठली कार्डं पडतात ते बघायचं. "तांदूळ काढला तर?" विचारा. पर्यावरणाच्या तासाला हीच कार्डं बदलून अन्नसाखळी होते: गवत काढलं तर ससा, ससा गेला तर कोल्हा. एकच कल्पना दोन विषयांत भेटली की ती मुलांच्या डोक्यात पक्की बसते.

पॅकेज काढणं ही दहा मिनिटांची गोष्ट आहे. शोधणं, वाचणं, विचारणं आणि तालीम करणं याला एक दुपार लागते. ती दुपार द्या. फोनमधली काही ॲप आपण कितीही म्हटलं तरी काढू देत नाहीत, फक्त झाकून ठेवता येतात. लिनक्स अडवत नाही. काय जाणार ते सांगतं आणि तुमच्या उत्तराची वाट बघतं. एवढा विश्वास टाकणारं यंत्र शाळेत आलंच आहे, तर त्याची यादी निदान वाचूया.

तुमच्या शाळेतल्या संगणकावर आज पहिली पायरी करून बघा. काही काढू नका, नुसती यादी बघा. त्यातलं एक अनोळखी नाव निवडा आणि एपीटी शो करून वाचा. उद्या दुसरं. महिनाभरात तुमचा संगणक तुम्हाला अनोळखी वाटणार नाही.